चारशे तेरावर टाकलेला माल

तुटलेला ब्रॅकेट पिशवीतून आला. किराणा दुकानातली साधी पिशवी, वर निळ्या पेनाने कुणीतरी 'मैंदर्गी' लिहिलेलं. मनालीने तो टेबलावर काढून ठेवला आणि सोबतचा मेल दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तिचे कान तापले.

अपंगांच्या तीनचाकी इलेक्ट्रिक गाडीचं हँडल ज्या तुकड्यावर बसतं, तो हा ब्रॅकेट. मॅग्नेशियमचा, तळहाताएवढा, हातात काही आहे की नाही अशी शंका यावी इतका हलका. मैंदर्गीच्या बाजारातून कमलम्मा नावाची बांगड्या भरणारी बाई घरी निघाली होती. उतारावर हँडल सुटून तिच्या हातात आलं. गाडी एकीकडे, ती एकीकडे. उजवं मनगट मोडलं. बांगड्या भरणारीचं उजवं मनगट! आणि मेल लिहिणाऱ्याने ते शेवटी एका ओळीत उरकलं होतं, पत्त्यातला पिनकोड उरकावा तसं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या या कारखान्यात ओतीव भागांची हीट ट्रीटमेंट होते. बाहेरून आलेला माल भट्टीत तापवायचा, ठरलेल्या वेळी काढायचा, म्हणजे तो टणक आणि चिवट होतो. वीस-बावीस वर्षं इथे फक्त अॅल्युमिनियम यायचं. गेल्या वर्षी मॅग्नेशियमचं काम मिळालं, आणि ते कसं करायचं हे ठरवलं मनालीने. ती इथली लॅब सांभाळायची. सातव्या महिन्यात असताना तिने किती अंशांवर किती तास ते सांगणारं भट्टीचं कार्ड बनवलं, एक चार्ज, म्हणजे भट्टीत एका वेळी जाणारा माल, स्वतः उभं राहून काढून दाखवला आणि बाळंतपणाच्या रजेवर गेली. परत येऊन तिला आज नऊ दिवस झाले होते. लेक मैत्री घरी सासूबाईंकडे होती, पावणेसात महिन्यांची, दोन दात आलेली.

"चार वाजता गाडीकंपनीच्या मॅडम येणारायत पुण्याहून," सिद्धलिंग अण्णांनी सकाळीच सांगितलं होतं. कारखाना त्यांचा. "तोवर तुझा रिपोर्ट पायजे, पोरी. आणि याच मालातले एकशे बारा पीस पॅक होऊन पडलेत, ते संध्याकाळच्या टेम्पोत जायचेत. बघ लवकर."

मनालीने ब्रॅकेटचा कोपरा कापला, घासला, बारीक कापडावर चमकवला. शेवटच्या टप्प्याला पाणी वापरत नाहीत. मॅग्नेशियम पाण्याने लगेच काळं पडतं, म्हणून स्पिरिटने धुवायचं. कुणाला हे माहीत नसतं. तिने तुकडा आम्लात दहा सेकंद बुडवला, वाळवला आणि मायक्रोस्कोपखाली सरकवला.

चांगल्या तुकड्यात काय दिसायला हवं ते तिने डोळे मिटून सांगितलं असतं. ओतलेलं मॅग्नेशियम गार होताना त्याचे दाणे बनतात, आणि त्यात मिसळलेलं अॅल्युमिनियम जास्तीचं झालं की दाण्यांच्या फटींमध्ये जाऊन बसतं. तिथे त्याचं ठिसूळ जाळं तयार होतं. धातू तुटतो तो या जाळ्यावरून. भट्टीने करायचं ते एवढंच, की हे जाळं विरघळवून दाण्यांच्या आत जिरवायचं. चारशे तेरा अंशांवर वीस तास. मग बाहेर काढून पंख्याखाली गार करायचं, पुन्हा एकशे अडुसष्टवर सोळा तास ठेवायचं, की जिरलेलं अॅल्युमिनियम दाण्यांच्या आत बारीक बारीक पात्यांसारखं उगवून येतं आणि धातूला बळ देतं. पण सगळं सुरुवातीवर आहे. माल दोनशे साठच्या भट्टीत टाकायचा आणि चांगले दोन तास घेऊन वर न्यायचा. एकदम चारशे तेरात ढकलला, तर जाळ्याला विरघळायला सवड मिळत नाही. ते जागच्या जागी वितळतं. गार झाल्यावर तिथे उरतात गोल गोल डबकी आणि पोकळ्या.

तिने फोकस फिरवला. डबकी होती. दाण्यांच्या कडेकडेने, माळ ओवल्यासारखी. तीन दाणे जिथे मिळतात तिथे काळी भोकं, आणि भेग एका भोकातून दुसऱ्या भोकात उड्या मारत गेलेली. हे पुन्हा भट्टीत घालून दुरुस्त होत नसतं.

पॅक करून ठेवलेल्या मालातला एक ब्रॅकेट तिने मागवला. तोही कापला. तेच.

दुधाची वेळ होऊन गेली होती. छाती भरून आली होती, दगडासारखी. रोज अकराला ती स्टोअरच्या खोलीला कडी लावून दूध काढायची. आज तिने अॅप्रन चढवला आणि सरळ भट्टीकडे निघाली.

दोन नंबरच्या भट्टीवर इसूफ चाचा होते. बावीस वर्षांचा हात. भट्टी गार होऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. एक चार्ज निघाला की त्याच धगीत दुसरा आत, आणि कुणी मध्ये वेळ काढला तर त्याची खैर नाही. अॅल्युमिनियमला ते चालतंही. म्हणूनच मनालीला वाटलं, जुनी खोड, दुसरं काय.

"चाचा, मॅग्नेशियमचा माल कितीवर टाकला होता तुम्ही?"

"चारशे तेरा," चाचा म्हणाले. सरळ. तोंडावर.

मग ती फुटलीच.

"चारशे तेरा! अहो, पोटात सात महिन्यांचं लेकरू घेऊन याच जागेवर उभी होते मी. अॅल्युमिनियम नाही हे, अॅल्युमिनियम नाही, किती वेळा सांगितलं? एका बाईचा हात मोडलाय तिकडे! बावीस वर्षं भट्टी चालवता आणि एक आकडा पाळता येत नाही? कार्ड लावलंय समोर एवढं मोठं. वाचता येत नाही का तुम्हाला?"

सगळं थांबलं. पॅकिंगच्या टेबलावर बजाबाईच्या हातातली चिकटपट्टी अर्धी ओढलेली तशीच राहिली. भट्टीचा पंखा तेवढा घोंघावत होता.

चाचांनी हातातले जाड मोजे काढले. एक, मग दुसरा. त्यांचा चेहरा एरवी हसरा. आता त्यात हसू नव्हतं.

"वाचता येतंय की," ते म्हणाले. "वाचलो म्हनूनच टाकलो."

त्यांनी भट्टीच्या बाजूचं प्लॅस्टिकचं पाकीट उघडून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं.

कार्ड तिचं नव्हतं. म्हणजे तिचंच होतं, रकाने तेच, अक्षरं तीच; फक्त 'माल टाकताना भट्टी' या ओळीत दोनशे साठच्या जागी चारशे तेरा. दोन तास चढवण्याची ओळ गायब. खाली 'तयार करणार: मनाली तळभंडारे'. त्यावर तिची सही, जुन्या कार्डावरून उचलून चिकटवलेली, कडेला अजून राखाडी सावली होती. तारीख चौदा नोव्हेंबर.

चौदा नोव्हेंबरला मैत्री बारा दिवसांची होती. त्या दिवशी मनालीला टाक्यांमुळे बसताही येत नव्हतं. लेकरू छातीला लागत नव्हतं, दोघी रडत होत्या. आणि इकडे कुणीतरी तिची सही कापून चिकटवत होतं.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

चाचांनी तिच्याकडे बघितलं, मग कार्डाकडे. "न्हाय?"

"नाही! मी कशाला लिहीन?"

"शिवयोगी साहेबाला मी इचारलो होतो, दोनशे साठचं हे कसं काय झालं म्हनून. म्हनले, मॅडमनं घरून पाठवलंय. मी म्हनलो, असंल. शिकलेली मानसं."

"मला एक फोन नाही करायचा चाचा?"

"चाळीस दिवस झाले नव्हते तुला!" आता चाचाही चिडले. "ओल्या बाळंतिणीला फोन करून भट्टी इचारू? आमच्यात न्हाय करत तसलं. तुमच्यात करतेत का?"

मनालीच्या घरीही कुणी तो फोन तिच्या हातात दिला नसता. सासूबाईंनी कारखान्याचं नाव ऐकताच ठेवून दिला असता.

"आनि मग," चाचा हळू आवाजात म्हणाले, "ती बाई पडली म्हनून कळलं, तवा मला वाटलं, लेकराच्या धांदलीत पोरगी चुकली. सकाळी साहेबानं कागद दिला, सही केलो. माझ्या हातनं चूक झाली म्हनून. तुझ्या नावावर आलं असतं बेटी. मला काय, वर्षानं घरीच जायचंय."

म्हणजे हा माणूस तिची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता, न केलेली चूक, आणि तिने त्याला चारचौघांत वाचता येतं का म्हणून विचारलं होतं. मनालीला भट्टीच्या दारावर डोकं आपटावंसं वाटलं. पण त्याहून जास्त तिला दुसऱ्या कुणाचं तरी आपटावंसं वाटलं.

शिवयोगी हा अण्णांचा पुतण्या. उत्पादन त्याच्याकडे. केबिनमध्ये एसी सोळावर, आणि बाहेर मेची बेचाळीस अंशांची दुपार. मनालीने कार्ड त्याच्या टेबलावर टाकलं.

"हे काय आहे?"

त्याने बघितलं, आणि तो दचकलाही नाही याचाच तिला जास्त राग आला. "बस की. पाणी घे."

"हे काय आहे, साहेब?"

"हे बघ, तू रजेवर होतीस. ऑर्डर थांबत नाही कुणाच्या रजेसाठी. भट्टी दोनशे साठपर्यंत गार करायची, पुन्हा चढवायची, दर चार्जला सहा तास फुकट. मी म्हटलं, शेवटी तापमान चारशे तेराच ना? मग तिथेच टाकू. एवढं काय बिघडतंय?"

"बिघडलंय. बाईचा हात मोडलाय."

"हार्डनेस बरोबर आली होती. तपासली आम्ही."

"कडकपणा मोजून भोकं दिसत नाहीत! आणि माझी सही?"

"सिस्टीममध्ये कार्डाला लॅबचंच नाव लागतं. दुसरं चालत नाही." त्याने खांदे उडवले. "तू असतीस तर तुझ्याकडूनच घेतली असती. तू नव्हतीस."

मी नव्हते. मनालीच्या डोक्यात ते तीन-चार वेळा घुमलं. मी नव्हते म्हणून माझं नाव मोकाट पडलं होतं काय, कुणीही उचलावं?

शिवयोगीने आवाज खाली आणला. "म्हाताऱ्याने लिहून दिलंय. ऑपरेटरची चूक. त्याला काही त्रास होणार नाही, वर्षभर आधी घरी जाईल. तू रिपोर्टात तेवढीच ओळ टाक. नाहीतर विचार कर, सही तुझी आहे. तू म्हणणार माझी नाही, मी म्हणणार घरून पाठवली. कोण ऐकणार?" मग त्याची नजर तिच्या अॅप्रनवर गेली, जिथे ओल बाहेर आली होती, आणि त्याने ती मुद्दाम दुसरीकडे वळवली. "आधी तू जरा... आवरून घे. या अवस्थेत चिडचिड होतेच बायकांची."

मनालीने कार्ड उचललं आणि बाहेर पडली. दार तिने आपटलं नाही. स्टोअरमध्ये जाऊन कडी लावली, भिंतीला पाठ टेकून दूध काढलं, आणि तेवढा वेळ दात ओठांवर दाबून धरले. बाटली निम्मी भरली. रागाने दूध आटतं म्हणतात; तिचं नव्हतं आटलं. झाकण लावताना तिने ठरवलं काय बोलायचं ते.

फिरदोस मॅडम चारला पाच कमी असताना आल्या. गाडीकंपनीच्या क्वालिटीच्या, चाळिशीच्या, पायात स्पोर्ट्स शूज, चहाला नको म्हणणाऱ्या. लॅबमध्ये अण्णा, शिवयोगी, त्या आणि मनाली. मनालीने आधी स्वतः काढलेल्या चार्जचा तुकडा दाखवला: स्वच्छ दाणे, केसाएवढ्या रेषा. मग मैंदर्गीचा. फिरदोस मॅडम बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"वितळलंय," त्या म्हणाल्या.

"मला दिसत नाही बाबा यातलं," अण्णा डोळे चोळत म्हणाले. "सोपं सांग की, पोरी."

"अण्णा, उकळत्या दुधात गूळ टाकला तर काय होतं?"

"फाटतं."

"आणि दूध कोमट करून टाकला तर?"

"विरघळतो की."

"गूळ तोच, दूध तेच. आपण उकळत्यात टाकलाय. सहाच्या सहा चार्ज."

अण्णांनी पुतण्याकडे बघितलं. शिवयोगी तयारच होता. "ऑपरेटरची चूक झाली मॅडम. त्याने लेखी दिलंय. बोलावतो." आणि त्याने इसूफ चाचांना बोलावलंही.

चाचा दारात उभे राहिले. आत यायला तयार नव्हते, बूट मळलेले होते. "व्हय," ते म्हणाले, "माझ्या हातनं..."

"चाचा, तुम्ही बोलू नका," मनाली म्हणाली.

"तू गप बैस!" चाचा ओरडले. "मोठी मानसं बोलालालेत न्हवं?"

फिरदोस मॅडमनी हात वर केला. "चाचा, कार्डावर किती लिहिलं होतं?"

"चारशे तेरा."

"आप कितने पे डाले?"

"चारसौ तेरा."

"मग चूक कुठे झाली तुमच्या हातून?"

बावीस वर्षांत चाचांना कुणी इतकं सोपं विचारलं नव्हतं बहुतेक.

"कार्ड लॅबचं आहे," शिवयोगी पटकन म्हणाला. "मनाली मॅडमची सही आहे. त्यांनी रजेवरून पाठवलं होतं. आता बाळंतपणात माणसाचं लक्ष..."

"माझी सही ही नाही," मनाली म्हणाली. "चौदा नोव्हेंबरला माझी मुलगी बारा दिवसांची होती. मी उठून पाणीसुद्धा घेत नव्हते. ही सही जुन्या कार्डावरून कापलीय, बघा, कड दिसते."

"तसं कुणीही म्हणेल," शिवयोगी म्हणाला.

"बरोबर. कुणीही म्हणेल." तिचा आवाज चढला, आणि तिने तो चढू दिला. "साहेब म्हणतात सही माझी. सिस्टीम म्हणते माझी. कार्डावर नाव माझं. ठीक आहे, भांडण नंतर करू. आज माझीच धरा. मग त्या कार्डावरून निघालेल्या प्रत्येक तुकड्याला जबाबदार कोण? मी. आणि जबाबदार मी असेन तर थांबवण्याचा अधिकारही माझाच. दुसऱ्या कुणाचा नाही, साहेबांचासुद्धा नाही. बरोबर की नाही, अण्णा?"



तिने छापलेला रिपोर्ट टेबलावर ठेवला. नऊशे ब्रॅकेट सदोष. भट्टी चालवणाऱ्याने कार्ड जसंच्या तसं पाळलं, त्याचा दोष नाही. कार्ड लॅबप्रमुख रजेवर असताना तिच्या नावाने बदललं गेलं. कुणी बदललं याची चौकशी व्हावी. एकशे बारा तुकडे इथेच मोडायचे. बाहेर गेलेले सातशे अठ्ठ्याऐंशी ज्या ज्या गाड्यांना बसलेत, त्या आजपासून रस्त्यावर आणायच्या नाहीत. खाली तिने पेन काढून सही केली. हाताने, सगळ्यांसमोर, इतकी दाबून की कागदाला मागून उठाव आला.

"अगं पण सातशे अठ्ठ्याऐंशी!" अण्णांनी रिपोर्ट उचलला. "बुडवतीस का काय मला?"

"अण्णा, त्या गाड्यांवर बसणाऱ्यांना पाय टेकवून सावरता येत नाही. म्हणूनच तर त्यांनी ती गाडी घेतली."

अण्णा खुर्चीत बसले. पुतण्याकडे न बघता म्हणाले, "टेम्पो परत पाठव, शिवयोगी." मग मनालीला: "तुझ्याबद्दल सोमवारी बोलू." त्याचा अर्थ तिला कळला नाही, आणि त्यांनी सांगितलाही नाही.

चाचा अजून दारातच होते. मनाली त्यांच्याकडे गेली. त्यांच्या मागे खालचा पत्र्याचा हॉल दिसत होता, आणि हॉलमधली माणसं काम सोडून वर बघत होती.

"सकाळी मी चाचांना बोलले ते चूक होतं," ती मोठ्याने म्हणाली, खालच्यांना ऐकू जाईल असं. "त्यांनी बरोबर वाचलं होतं. कार्ड खोटं होतं."

"ऐकलं!" खालून बजाबाई ओरडली. "सकाळचं समद्यास्नी ऐकू गेलं, ह्ये बी जाऊ द्या."

चाचांनी मान हलवली, पण चेहरा सैल सोडला नाही. "तू मला तसं बोलायचं नव्हतंस," ते म्हणाले.

"नव्हतं."

"बावीस वर्सं."

"हो चाचा."

"माफ केलो म्हनून आज सांगनार न्हाय मी. दोन-चार दिवस लागतील." आणि ते जिना उतरून गेले. मनालीला ते पटलं. राग काय असतो ते तिला आज दिवसभर कळत होतं.

मागे फिरदोस मॅडम कागद बॅगेत घालत होत्या. "मी सोमवारी डीलरना मेल टाकते," त्या म्हणाल्या.

"आज शुक्रवार आहे. शनिवार-रविवार लोक गाड्या चालवणार नाहीत का?"

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. मग बॅग खाली ठेवली, फोनमधली यादी उघडली. "सोलापूर जिल्ह्यात अकरा डीलर आहेत. अकलूजला सगळ्यात जास्त विकल्यात. मी फोन लावून देते, कारण काय ते तुम्ही सांगा. मला असं नाही सांगता येणार."

पलीकडे रिंग वाजली. कुठल्याशा दुकानाचा आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न. मनालीने धापा टाकल्यासारखं, न थांबता सांगितलं: कुठल्या गाड्या, कुठला भाग, का, आणि आजच्या आज. पलीकडचा माणूस आधी हसला, मग वैतागला. इतक्या गिऱ्हाइकांना आता फोन करू म्हणता? हा काय पोरखेळ आहे? कुणाच्या सांगण्यावरून? तुम्ही कोण बोलताय?

"मनाली तळभंडारे," ती म्हणाली. "लिहून घ्या. तळ-भं-डा-रे. झालं लिहून? आता पहिल्या गिऱ्हाइकाचा नंबर काढा, मी लाइनवरच आहे."